नाशिकच्या जमिनीत पाइलची भारक्षमता कशी काढायची? एसबीसीचा आकडा बाजूला ठेवून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गंगापूर रोडच्या पट्ट्यात, नाल्यालगतच्या प्लॉटवर पार्किंग अधिक सात मजले बांधायचे आहेत. माती परीक्षण अहवालात २.५ मीटर खोलीवर एसबीसी, म्हणजे जमिनीची सुरक्षित भारक्षमता, २० टन प्रति चौरस मीटर दिली आहे आणि ६.५ मीटरवर ‘हार्ड रॉक’ लिहिले आहे. डिझायनरने ६०० मिमी व्यासाचे पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर ओतलेले काँक्रीटचे खांब, सुचवले आहेत. मग एका पाइलवर किती टन धरायचे, आणि ते या २० टनांवरून काढता येतात का?

नाही येत. ६०० मिमी पाइलच्या तळाचे क्षेत्रफळ ०.२८३ चौरस मीटर. त्याला २० ने गुणले तर साडेपाच-पावणेसहा टन होतात आणि तेवढ्यासाठी पाइलचा खर्च कोणी करत नाही. अहवालातली एसबीसी उथळ फूटिंगची, म्हणजे खांबाखालच्या पसरट पायाची असते. विशिष्ट रुंदी, विशिष्ट खोली आणि खचण्याची विशिष्ट मर्यादा गृहीत धरून तो आकडा काढलेला असतो. पाइलचा हिशेब पूर्णपणे वेगळा. काही भार बाजूच्या घर्षणाने जातो, उरलेला तळाशी टेकतो, आणि नाशिकमध्ये हे दोन्ही मुख्यतः खडकातच घडते. म्हणून तुमच्या अहवालात पाहायची गोष्ट एसबीसी नसून ‘हार्ड रॉक’ हे दोन शब्द कशावरून लिहिले, ही आहे.

त्याआधी एक शंका काढून टाका: पाइल हवेतच का? नाशिक शहराच्या बऱ्याच भागात दोन ते चार मीटरवर मुरूम किंवा कुजका खडक लागतो आणि सात मजल्यांची इमारत साध्या फूटिंगवर किंवा राफ्टवर (इमारतीखालच्या सलग काँक्रीट स्लॅबवर) आरामात उभी राहते. पाइल खरोखर लागतात ते नाल्याकाठच्या जाड भरावात, बुजवलेल्या जुन्या खाणीवर, काळी माती पाच-सहा मीटर खोल असलेल्या जागी, शेजारची इमारत इतकी चिकटून असेल की खोल खड्डा काढणे धोक्याचे ठरते अशा ठिकाणी, आणि अर्थात पुलांना. शहराच्या कडेचे बहुतेक लेआउट पूर्वी शेती होते, त्यामुळे आणखी एक भानगड असते, ती म्हणजे बुजवलेली विहीर. सातबाऱ्यावर आणि जुन्या गट नकाशात विहिरीची नोंद आहे का, ते बोअरिंगचे यंत्र आणण्याआधी पाहा. पाच बोअर चांगले लागले आणि सहावा पाइल विहिरीच्या भरावात गेला, तर तिथे कुठलेही सूत्र कामाला येत नाही. काळ्या मातीवरच्या बंगल्याला किंवा कुंपणाच्या भिंतीला खडकापर्यंतचे पाइल लागतच नाहीत. तिथे आयएस २९११ (पाइलचे भारतीय मानक) भाग ३ मधले अंडर-रीम्ड, म्हणजे खाली फुगवटा असलेले, पाइल पुरतात. तुमच्याकडे नाला आणि भराव दोन्ही आहेत, तेव्हा पाइल योग्य आहेत असे धरून पुढे जाऊ.

इथली जमीन दख्खनच्या बेसॉल्टची. वर भराव किंवा काळी माती, मग पिवळसर मुरूम, मग कुजका खडक आणि खाली टणक पाषाण, असे चित्र सगळ्यांना पाठ असते. पण लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट आणि वरचा भाग पोकळ्यांचा असतो. त्या पोकळ्यांत पांढरी-हिरवट खनिजे भरलेली दिसतात. दोन थरांच्या सांध्यावर कधी कधी लाल गेरूसारखा पट्टा येतो, ज्याला रेड बोल म्हणतात. कोरडा असताना तो खडकासारखा वाटतो, पाण्यात ठेवला की सुटतो. याचा अर्थ खाली जाऊ तसा खडक चांगलाच होत जातो असे इथे गृहीत धरता येत नाही. टणक पाषाणाखाली पुन्हा मऊ थर निघू शकतो. नाशिकमध्ये पाइलची क्षमता चुकते ती बहुतेक या एका गृहीतकामुळे.

आता ‘६.५ मीटरवर हार्ड रॉक’ कडे येऊ. असे लिहिण्यामागे बहुतेक वेळा एसपीटीचा (हातोड्याने नळी ठोकून करायच्या चाचणीचा) रिफ्यूजल असतो. म्हणजे ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेमीवरून पाडत ५० ठोके दिले आणि स्पून, म्हणजे नमुना घेणारी नळी, १५ सेमीसुद्धा उतरला नाही. मुरमातला एखादा गोटा स्पूनच्या टोकाखाली आला तरी हेच होते. रिफ्यूजलचा अर्थ एवढाच की या साधनाने पुढे मोजता येत नाही, आता कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल नमुना, काढा. तसे न करता काही जण ठोक्यांचा हिशेब वाढवून एन मूल्य (३० सेमी उतरायला लागणारे ठोके) काढतात: ५० ठोक्यांत ६ सेमी, म्हणून ३० सेमीला २५०. कुजक्या खडकासाठी अशी पद्धत आहे आणि पुलांच्या पायांसाठीच्या आयआरसी ७८ या संहितेत तिला जागाही आहे, पण ती किती नाजूक आहे ते पाहा. ढोबळ नियमाने शिअर स्ट्रेंग्थ (घसरण्याला होणारा विरोध) किलोपास्कलमध्ये एन मूल्याच्या पाचपट धरली, तळाला ९ चा गुणक लावला आणि ३ ने भागले, तर एन ६० ला ६०० मिमी पाइलच्या तळाची सुरक्षित क्षमता सुमारे २५ टन येते. एन २५० धरला तर तीच १०५ टन. स्पून ६ ऐवजी ३ सेमी उतरला तर एन ५०० होतो आणि कागदावर २१० टन दिसतात. तीन सेंटिमीटरच्या फरकावर क्षमता दुप्पट होत असेल, तर त्या आकड्यावर सात मजले ठेवू नयेत. एन ६० च्या वर गेल्यावर एसपीटी थांबवून कोअरिंग सुरू करणे हाच शहाणपणा.

कोअरिंगमध्येही काय मागायचे ते आधी लिहून द्या. एनएक्स आकार म्हणजे साधारण ५४ मिमीचा कोअर, डबल ट्यूब बॅरल, आणि एका रनची (ड्रिलिंगच्या एका खेपेची) लांबी १.५ मीटरपेक्षा जास्त नको. सिंगल ट्यूब बॅरलमध्ये कुजका खडक फिरणाऱ्या नळीतच दळला जातो. कोअर रिकव्हरी (ड्रिल केलेल्या लांबीपैकी हाती आलेला कोअर) २० टक्के दिसते आणि खडक आहे त्याहून वाईट वाटतो. उलट चूकही होते. आरक्यूडी (खडकाच्या सलगपणाची टक्केवारी) मोजताना १० सेमी किंवा त्याहून लांब तुकडेच धरायचे असतात, पण ड्रिलिंगने झालेले ताजे मोड आणि मुळचे सांधे यांत फरक करून. ताजा मोड खडबडीत आणि स्वच्छ असतो, मुळच्या सांध्यावर माती, डाग किंवा खनिजाचा थर दिसतो. कोअर पेटीचे फोटो अहवालात नसतील तर पैसे अडवा. परतणाऱ्या पाण्याचा रंग कोणत्या खोलीवर लाल झाला, पाणी कुठे गायब झाले, याची ड्रिलरच्या वहीतली नोंदही मागा. रेड बोल पुष्कळदा कोअरमध्ये येतच नाही, धुऊन जातो, आणि फक्त लाल पाण्यातून कळतो.

प्रयोगशाळेत आणखी एक फसगत होते. दाबशक्ती मोजायला व्यासाच्या किमान दुप्पट लांबीचा सलग तुकडा लागतो. म्हणजे १०-११ सेमीचे धडधाकट तुकडेच निवडले जातात आणि आरक्यूडी ३० टक्के असलेल्या खडकाची ताकद त्यातल्या सर्वांत चांगल्या तुकड्यांवरून ठरते. म्हणून लहान तुकड्यांवर पॉइंट लोड चाचणीही (तुकडा दोन टोकांत दाबून फोडण्याची) करून घ्या. टणक खडकाला तिच्या निर्देशांकाचे दाबशक्तीत रूपांतर करताना २२ च्या आसपासचा गुणक वापरतात. पोकळ्यांच्या, मऊ खडकात तो कमी धरावा. सगळे नमुने पाण्यात भिजवूनच तपासा. तुमचा पाइल नाल्याच्या पाण्याखालीच उभा राहणार आहे.

बोअर किती? १५ गुंठ्यांच्या प्लॉटला चार कोपरे आणि मध्य असे पाच असावेत. नाल्याच्या बाजूला एक जास्त घेतलात तर उत्तम, कारण नाल्याच्या जुन्या पात्राकडे खडक अचानक उतरतो. खोली ‘खडक लागेपर्यंत’ अशी लिहू नका. पाइलच्या अपेक्षित तळाखाली तीन ते पाच मीटर सलग कोअर, असे लिहा. दोन-तीन बोअर वाचवून जे काही हजार रुपये उरतात ते एका फसलेल्या पाइलच्या कॅप-बदलातच (डोक्यावरचा काँक्रीटचा ठोकळा बदलण्यात) संपतात.

आता हिशेब करू. समजा नीट कोअर काढल्यावर तुमच्या प्लॉटचे चित्र असे निघाले: १.८ मीटरपर्यंत भराव, ४.५ पर्यंत काळी माती, ६.५ पर्यंत मुरूम, ९ मीटरपर्यंत अतिशय कुजका बेसॉल्ट आणि त्याखाली मध्यम कुजका, पोकळ्यांचा बेसॉल्ट. या शेवटच्या थरात कोअर रिकव्हरी ७० टक्के, आरक्यूडी ४० टक्के, भिजलेली दाबशक्ती २० मेगापास्कल. तुमच्या अहवालातला ‘हार्ड रॉक’ म्हणजे ६.५ मीटरवरचा कुजका थर. खरा आधार त्याच्या अडीच मीटर खाली आहे.

सॉकेट, म्हणजे पाइलचा खडकात घुसलेला भाग, किती घ्यायचे? सलग टणक पाषाणात व्यासाच्या एक ते दोन पट, मध्यम कुजक्या व सांधे असलेल्या खडकात दोन ते तीन पट, मऊ खडकात तीन ते चार पट, हा नेहमीचा दाखला. इथे दोन पट, म्हणजे १.२ मीटर धरू. पाइलचा तळ १०.२ मीटरवर येतो.

आयआरसी ७८ च्या पद्धतीत तळाची क्षमता म्हणजे एक गुणक, गुणिले खडकाची दाबशक्ती, गुणिले खोलीचा घटक, गुणिले क्षेत्रफळ. पहिला गुणक रिकव्हरी आणि आरक्यूडी यांच्या सरासरीवर ठरतो: सरासरी ३० टक्के असेल तर ०.३, १०० टक्के असेल तर १.२, मधले आकडे सरळ रेषेत. आपली सरासरी ५५, म्हणून गुणक ०.६२. खोलीचा घटक १ अधिक सॉकेटची लांबी भागिले व्यास याच्या ०.४ पट. तो १.८ येतो, पण वरची मर्यादा १.२ आहे. ०.६२ गुणिले २० गुणिले १.२ म्हणजे १४.९ मेगापास्कल. सुरक्षा गुणांक ३ लावल्यावर ४.९६. भागिल्यानंतरचा हा आकडा ५ मेगापास्कलच्या वर धरायचा नसतो, इथे तो जेमतेम आत बसतो. क्षेत्रफळाने गुणले की सुमारे १४०० किलोन्यूटन (१० किलोन्यूटन म्हणजे साधारण एक टन).

सॉकेटच्या भिंतीचे घर्षण दाबशक्तीच्या वर्गमुळाच्या ०.२२५ पट, म्हणजे जवळपास १ मेगापास्कल. सॉकेटचे वरचे ३०० मिमी सोडून द्यायचे. तिथला खडक छिन्नीने सैल झालेला असतो. उरलेल्या ०.९ मीटरची बाजू १.७ चौरस मीटर. घर्षणाला सुरक्षा गुणांक ६, म्हणून २८० किलोन्यूटन. दोन्ही मिळून १६८० किलोन्यूटन, ढोबळमानाने १७० टन.

इथेच थांबून १७० टन लिहून मोकळे होणारे बरेच आहेत. तोच पाइल आयएस १४५९३ या खडकातल्या पाइलच्या मानकाच्या नजरेने पाहा. त्यात आरक्यूडीऐवजी सांध्यांमधल्या अंतरावरून गुणक ठरतो. सांधे तीस सेमी ते मीटरभर अंतरावर असतील तर तो ०.१. खोलीचा घटक ०.८ अधिक ०.२ गुणिले २, म्हणजे १.२. २० गुणिले ०.१ गुणिले १.२ म्हणजे २.४ मेगापास्कल आणि तळाची सुरक्षित क्षमता ६८० किलोन्यूटन. आधीच्या निम्म्याहून कमी. घर्षणाचे २८० त्यात मिळवले तरी ९६० च होतात. एकच खडक, एकच पाइल, आणि एका बाजूला ९६ टन तर दुसऱ्या बाजूला १६८. यातला अमुकच बरोबर असे म्हणता येत नाही, कारण दोन्ही पद्धती वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. मी अशा खडकात १२० टन धरून पुढे जाईन आणि इनिशियल लोड टेस्टनेच (आधी एका पाइलवर प्रत्यक्ष भार ठेवून केलेल्या चाचणीनेच) तो आकडा पक्का करीन. टेस्ट करायची तयारी नसेल तर १०० च्या आत राहा.

काँक्रीटची मर्यादाही याच वेळी तपासा. आयएस २९११ प्रमाणे वापरातल्या भाराखाली काँक्रीटवरचा सरासरी दाब २८ दिवसांच्या क्यूब ताकदीच्या चतुर्थांशाच्या आत हवा. एम २५ काँक्रीटचा (क्यूब ताकद २५ मेगापास्कल) ६०० मिमी पाइल १७६७ किलोन्यूटन घेतो. खडक कितीही चांगला निघाला तरी त्यापुढे काँक्रीटच नाही म्हणते. घट्ट काळ्या पाषाणात हीच मर्यादा आधी लागते, म्हणून तिथे सॉकेट आणखी खोल नेऊन काहीच पदरात पडत नाही.

वरच्या मातीचे घर्षण मी का धरले नाही? धरून पाहा. २.७ मीटर काळ्या मातीत कोहेजन (मातीची स्वतःची चिकटून राहण्याची ताकद) ६० किलोपास्कल आणि चिकटण्याचा घटक ०.५ घेतला, सुरक्षा गुणांक २.५ लावला, तर सहा टन मिळतात. उलट, प्लॉट रस्त्याच्या पातळीला आणायला तुम्ही वर नवा भराव टाकलात की तो भराव आणि खालची काळी माती बसताना पाइलला खाली ओढतील. ४.५ मीटर उंचीवर २५ किलोपास्कल ओढ धरली तर एका पाइलवर २१ टनांचा जादा भार येतो. सहा टनांच्या लोभाने एकवीस टन विसरू नका. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरच्या तीन-साडेतीन मीटरमधले घर्षण वर्षातले काही महिने कागदावरच असते. हलका भार असलेल्या पाइलला हीच माती पावसाळ्यात फुगून वर उचलते, म्हणून पाइल कॅप आणि ग्रेड बीमच्या (जमिनीलगतच्या बीमच्या) खाली मोकळी जागा ठेवतात.

खडक फारच खोल असेल, जसा नदीकाठच्या जाड गाळाच्या जमिनीत असू शकतो, तर मात्र मातीतलाच पाइल मोजावा लागतो. चिकणमातीत तळाला कोहेजनच्या नऊपट आणि बाजूला चिकटण्याच्या घटकाने कमी केलेले कोहेजन, सुरक्षा गुणांक किमान २.५. वाळूत एन मूल्यावरून काढताना बोअर्ड (भोक पाडून ओतलेल्या) पाइलला तळाचा गुणक १३ आहे, ड्रिव्हन (ठोकून घातलेल्या) पाइलला ४०. हे दोन एकमेकांच्या जागी वापरले की तळाची क्षमता तिप्पट दिसते. वरची मर्यादा अनुक्रमे एनच्या १३० आणि ४०० पट किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, आणि एसपीटीवरच्या या सूत्रांना सुरक्षा गुणांक ४.

तुमच्या प्लॉटवर परत. समजा एका बोअरमध्ये पाइलच्या तळाखाली ०.८ मीटरवर लाल पाणी आले. १२०० किलोन्यूटनचा भार खाली दोनास एक या उताराने पसरला तर ०.८ मीटरवर त्याचा व्यास १.४ मीटर होतो आणि दाब ७८० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. भिजलेल्या रेड बोलची शिअर स्ट्रेंग्थ २०० किलोपास्कल असेल तर नऊपट करून तीनने भागल्यावर ६०० च मिळतात. पाइल नापास. उपाय दोनच: बोलच्या वरचा थर पुरेसा जाड असेल तिथे पाइल आधीच थांबवणे, नाहीतर बोल पार करून खालच्या खडकात नवे सॉकेट घेणे. म्हणूनच तळाखालच्या कोअरसाठी वर इतका आग्रह धरला.

कागदावरचे १२० टन जागेवर मिळतील की नाही हे पाइलिंगवाला ठरवतो. वादाचा पहिला मुद्दा नेहमी एकच असतो: सॉकेट कुठून मोजायचे? खडकातल्या मीटरचा दर वेगळा असतो, त्यामुळे ठेकेदाराला खडक लवकर ‘सुरू’ झालेला हवा असतो आणि बिल्डरला उशिरा. यावर तोडगा असा की पहिला पाइल मुद्दाम बोअरहोलच्या शेजारी घ्या, जिथला कोअर तुम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. त्रिपाई आणि छिन्नीने काम असेल तर दर अर्ध्या तासाला छिन्नीचे वजन, पडण्याची उंची, ठोके आणि उतार लिहा. वजन गुणिले उंची गुणिले ठोके, भागिले क्षेत्रफळ आणि सेंटिमीटरमधला उतार. १.२ टनांची छिन्नी दीड मीटरवरून पडते आहे, अर्ध्या तासात ९०० ठोके आणि उतार १० सेमी, तर प्रति चौरस मीटर प्रति सेमी सुमारे ५७० टन-मीटर ऊर्जा लागली. शेजारच्या कोअरमध्ये तो थर मध्यम कुजका असेल तर हा तुमच्या प्लॉटचा मापदंड झाला. दुसऱ्या प्लॉटचा आकडा उसना घेऊ नका. पाण्यातली आणि कोरड्यातली छिन्नीसुद्धा सारखे काम करत नाही. हायड्रॉलिक रोटरी रिग असेल तर ऊर्जेऐवजी टॉर्कचा दाब आणि मिनिटाला किती सेमी उतरले ते नोंदवा, आणि बकेटमधून येणारे तुकडे खोलीची चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा. खडकाचा माथा तिरपा असेल तर छिन्नी एका बाजूला घसरते. सॉकेट खालच्या बाजूपासून मोजा, नाहीतर पाइलची अर्धी कड मुरमात राहते.

मग तळाचा गाळ. तळावर टेकणाऱ्या पाइलमध्ये पाच-दहा सेंटिमीटर गाळ राहिला तर चौदाशे किलोन्यूटनचा तो हिशेब सगळा हवेत जातो, कारण गाळ दाबला जाईपर्यंत खडकाला भार कळतच नाही. फ्लशिंग (तळाचा गाळ धुऊन काढणे) झाल्यावर वजन लावलेल्या टेपने खोली मोजा, केज (सळ्यांचा पिंजरा) उतरवल्यावर पुन्हा मोजा, दोन्हींत फरक दिसला तर ट्रेमीमधून (काँक्रीट तळाशी सोडण्याच्या नळीतून) पुन्हा फ्लश करा. तुमच्या जागी वरचा भराव ढासळणार आहे, म्हणून लायनर (भोकाची भिंत धरणारी पोलादी नळी) भरावापुरता न ठेवता मुरमात मीटरभर आत न्या. बेंटोनाइट (भोक ढासळू न देणारा चिकणमातीचा द्रव) वापरलात तर ताज्या द्रवाची घनता १.०३ ते १.१० च्या दरम्यान हवी. दाट झालेला द्रव सॉकेटच्या भिंतीवर लेप सोडतो आणि घर्षणाचे २८० किलोन्यूटन तिथेच विरतात.

काँक्रीटला सिमेंट घनमीटरला किमान ४०० किलो, स्लंप (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) १५० ते १८० मिमी, आणि ट्रेमीचे टोक सतत दीड-दोन मीटर काँक्रीटमध्ये बुडालेले हवे. १०.२ मीटरच्या पाइलला सैद्धांतिक काँक्रीट २.८८ घनमीटर लागते. ३.२ लागले तर चिंता नाही. २.७ मध्येच पाइल भरला तर कुठेतरी मान आवळली आहे, किंवा माती आत आली आहे. नाल्याला पाणी असताना काम करत असाल तर शेजारच्या बोअरमधली पाण्याची पातळी पाहत राहा. पुराचे पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले ते सगळे शहर पाहते, पण नाल्याचे पाणी भरावातून तुमच्या बोअरमध्ये कधी शिरले ते साइटवर कोणी पाहत नाही.

शेवटी लोड टेस्ट, आयएस २९११ भाग ४ प्रमाणे. १२० टनांच्या पाइलला इनिशियल टेस्ट अडीचपट, म्हणजे ३०० टन. प्रतिक्रियेची (जॅकला वरून रोखणाऱ्या वजनाची) व्यवस्था त्याहून २५ टक्के जास्त, म्हणजे ३७५ टन. एवढे ब्लॉक प्लॉटवर रचायला जागा नसेल तर खडकात अँकर घ्या, बेसॉल्टमध्ये ते चांगले बसतात. डेटम बारचे (ज्या स्थिर पट्टीवरून खचणे मोजतात तिचे) आधार पाइलपासून व्यासाच्या तिप्पट किंवा दीड मीटर, जे जास्त असेल तितके दूर ठेवा, नाहीतर आधारच पाइलबरोबर खचतात आणि डायल गेज खोटे बोलते. भार वापराच्या भाराच्या २० टक्क्यांच्या टप्प्यांनी वाढवायचा. पाइलची सुरक्षित क्षमता म्हणजे १२ मिमी खचण्याला लागलेल्या भाराचे दोन-तृतीयांश, किंवा व्यासाच्या १० टक्के खचण्याला लागलेल्या भाराचे निम्मे, यातले जे कमी असेल ते. १२ मिमीची ही मर्यादा ६०० मिमीपर्यंतच्या पाइलला लागू आहे.

आलेख वाचताना पाइलचे स्वतःचे आखडणे वजा करा. ३०० टनांखाली १०.२ मीटरचा एम २५ पाइल स्वतःच सव्वाचार मिमी दबतो. एकूण खचणे सहा-सात मिमी आले आणि भार काढल्यावर बहुतेक परत आले, तर पाइल खडकावर नीट बसला आहे आणि १२० टन हा आकडा सावध ठरतो. सुरुवातीच्याच टप्प्यांत सात-आठ मिमी झटकन जाऊन पुढे रेषा ताठ झाली, तर तो तळाचा गाळ आहे. खडक चांगला, काम वाईट. असा पाइल क्षमतेच्या निकषात पास होऊ शकतो, तरी बाकीच्या पाइलमध्ये तो सात मिमीचा फरक इमारतीच्या बीमना सोसावा लागतो, तेव्हा फ्लशिंगची पद्धत बदलल्याशिवाय पुढचा पाइल ओतू देऊ नका. रेषा शेवटी वाकून खाली जात राहिली आणि प्रत्येक टप्प्यावर खचणे थांबेना, तर खाली मऊ थर आहे असे समजून त्याच पाइलच्या शेजारी पुन्हा कोअर काढा.

पाइलच्या डोक्यावर छोटा हातोडा मारून करतात ती इंटिग्रिटी टेस्ट फक्त तडा, मान किंवा लांबीतला मोठा फरक दाखवते. तिच्या अहवालावर टनांचा आकडा छापलेला दिसला तर तो स्वीकारू नका. रूटीन टेस्ट एकूण पाइलच्या अर्धा ते दोन टक्के पाइलवर, दीडपट भाराने, म्हणजे तुमच्याकडे १८० टनांची होईल. कोणता पाइल तपासायचा हे ठेकेदाराला निवडू देऊ नका. नाल्याच्या बाजूचा, किंवा छिन्नीच्या नोंदवहीत ज्याची ऊर्जा सर्वांत कमी दिसते तो घ्या.

तुमच्या सध्याच्या अहवालासाठी आत्ता करायचे काम एवढेच: ६.५ मीटरच्या ‘हार्ड रॉक’ची कोअर पेटी, रिकव्हरी, आरक्यूडी आणि भिजलेली दाबशक्ती मागा. यातले काही नसेल तर नाल्याच्या बाजूला आणि मध्यभागी १५ मीटरचे दोन बोअर डबल ट्यूबने नव्याने घ्या आणि ते हातात येईपर्यंत डिझायनरला पाइलची संख्या ठरवू देऊ नका.